शीर सापडेपर्यंत

सक्करदऱ्यात टायरच्या दुकानावर दुसरा माळा,
तिथं आमचं कॉलेज.
कॉलेज म्हणजे दोन खोल्या, एक खाट,
खाटेवर प्लास्टिकचा माणूस,
त्याच्या डाव्या पायाला अंगठा नाही.
खाली बोर्ड : सहा महिने. १०० टक्के नोकरी.
त्यातला एकचा आकडा उन्हानं उडालाय,
रस्त्यावरून वाचलं तर शून्य शून्य टक्के.
तरी आम्ही चौदा जण जिना चढलो.

फी तीन हप्त्यांत.
बाबा कळमन्याच्या कोल्ड स्टोरेजला, रात्रपाळीत.
मे महिन्यात स्वेटर घालून घराबाहेर पडणारा
आमच्या वस्तीतला एकच माणूस.

इंजेक्शन आधी संत्र्यावर शिकतात.
आमची बॅच बसली तेव्हा बहार सरला होता,
मग मोसंबीवर.
डागी माल बाबा पिशवीत आणायचे,
टोचून झालेला मी घरी परत न्यायची.
भाऊ चावून म्हणाला,
"काहून वं ताई, हे नुसतं पाणीच लागते."
"इंट्रामस्क्युलर आहे," म्हटलं, "गिळ मुकाट्यानं."

मग एकमेकांच्या दंडावर.
विपुल नंदनवार तीनदा घेरी येऊन पडला,
चौथ्यांदा उभा राहिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
तो आता मिहानकडे कुठंतरी पार्सलं मोजतो.

ढोके मॅडम, मेडिकलमधून रिटायर,
चष्मा कपाळावर ठेवून शिकवायच्या :
डोळ्यानं नका शोधू, पोरींनो, बोटानं शोधा.
शीर म्हणजे ओल्या मातीखालचं गांडूळ,
दाबलं की सरकतं,
थांबलं की सापडतं.

धंतोलीच्या एका गल्लीत अकरा नर्सिंग होम.
नऊ ठिकाणी बायोडाटा दिला.
बारा तास, साडेसात हजार,
जेवण आपलं, ॲप्रन आपला.
अनुभव विचारतात.
मोसंबी सांगता येत नाही.

दहाव्या ठिकाणी, रामदासपेठेत, लागले.
वजन करायचं, बीपी घ्यायचा, चादर ओढायची,
लिफ्ट बंद असली की फायली घेऊन चार मजले.
नातेवाईक हाक मारतात, "ओ सिस्टर!"
खऱ्या सिस्टर मान वळवून बघतात.
मावशी म्हणायला वय कमी,
सिस्टर म्हणायला कागद कमी.
बिल्ल्यावर नुसतं : सहाय्यक, आर. कोडापे.

त्या रात्री छिंदवाड्याकडची एक म्हातारी आली.
मूठ अशी आवळलेली की नख तळव्यात रुतलेलं.
दोघींनी बघितलं, तिघींनी बघितलं, शीर लागेना.
मी ट्रे धरून उभी.
ती पुटपुटत होती, येर, येर.
"मुलाचं नाव असेल," कुणी म्हणालं,
आणि बाहेर जाऊन ओरडलं, येर कोण आहे?

येर आमच्या घरात रोज सकाळी साडेसहाला येतो.
बाबा कामावरून परततात, स्वेटर काढतात,
आणि थकून मराठी विसरतात.

पाजलं तर चालेल का, सिस्टरला विचारलं.
"चालेल, पण सांभाळून."
चमच्यानं पाणी, कोमट टॉवेल हातावर,
आणि बाबांकडची ती चार वाक्यं, मोडकीतोडकी,
उच्चार चुकले असतील,
म्हातारी हसलीसुद्धा.
मूठ सुटली.
मी बोट ठेवलं, थांबले.
"इथं आहे," म्हटलं.
सुई सिस्टरनंच लावली. नियम आहे.

महिन्याच्या फॉर्मात भाषांचे तीन चौकोन छापलेत :
मराठी, हिंदी, इंग्रजी.
मी समासात चौथा आखला.
ऑफिसातल्या बाईंनी तो खोडला,
म्हणाल्या, कॉम्प्युटर घेत नाही.

सकाळी गल्लीच्या तोंडाशी बाबा भेटतात,
दोघंही रात्रपाळीतून.
त्यांचा हात बर्फासारखा, माझा सॅनिटायझरनं सुकलेला.
"पक्की केव्हा करणार तुले?"
मी त्यांचं मनगट धरते,
घड्याळाकडे बघते.

बोलू नका बाबा, मोजतेय.